माझा माणूस

मस्कतला, मत्रहच्या धक्क्याकडे पाठ करून
बसलेल्या या इमारतीत तापमान अठरा, आर्द्रता पंचेचाळीस.
बाहेर कठड्याला हात लावला तर फोड येईल
आणि मी स्वेटर घालून
सर्जन-मेजर थ्रेलची सातवी पेटी सोडवते आहे.
पत्रं, पावत्या, पिसाचं एक टोक.
कापराचा वास उडालाय,
पण तो होता हे कागदाला आठवतं.
कुंचल्यानं धूळ काढायची, घडी उलगडायची,
वजन ठेवायचं, फोटो, पुढचं पान.

साहेब लंडनच्या म्युझियमला लिहितो:
खलाशांनी वाटेत बरणीतलं स्पिरिट प्यायलं,
साप तेवढे पोचतील, क्षमा असावी.
विनोदी होता. हस्ताक्षर सुरेख.
बायकोला लिहितानाही चोचीची लांबी इंचांत.

आणि पत्रामागून पत्रात 'माझा माणूस'.
माझ्या माणसाने घुबड सोलले, एकही पीस न हलवता.
माझा माणूस दोरीला धरून कपारीत उतरला.
आर्सेनिकच्या साबणाने माझ्या माणसाची नखं गेली,
तरी काम नेटकं.
ऑक्टोबर अठराशे एक्याऐंशी: माझा माणूस तापाने पडून.
नोव्हेंबर: नवा माणूस. याच्या हाताला वळण नाही.

मग एक लेबल हातात उलटंच आलं.
पाठीवर मोडी.
खाली आधीच्या कुणा यादीकाराचा पेन्सिलीतला शेरा:
अरबी असावे. निरर्थक गिरगोट्या.

मोडीत आधी रेघ,
कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग तिला अक्षरं टांगायची, हात न उचलता,
सोललेली पाखरं सुतळीवर वाळत घालावीत तशी.
हे अलिबागच्या दातारबाईंनी शिकवलं, दर शनिवारी, फुकट.
तेव्हा मी मागच्या बाकावर बसून घड्याळ बघायची.

'बाबाजी बिन राणू तांडेल, वस्ती मुरूड.
मीठ शेर दोन. कापूस अर्धा. सुई मोडली ती माझी.
पगार राहिला महिने तीन.
जनावर एक, वाळूत मिळाले. पाल नव्हे, सापसुरळी नव्हे.
पाण्यात शिरावे तसे वाळूत शिरते.
आपल्याकडे यास नाव'

आणि पुढे जागा कोरी.
तिथे त्याने हात उचलला.

साहेबाने आठवड्याभरात नाव पाठवलं,
लॅटिन, शेपटीला मेहुण्याचं आडनाव.

शम्सा, माझी वरिष्ठ, खांद्यावरून वाकून विचारते:
काय म्हणतोय?
म्हटलं, तीन महिन्यांचा पगार राहिलाय.
ती हसली नाही.
खिडकीतून खाली गेटकडे बघत राहिली,
चौकीदाराच्या रिकाम्या खुर्चीकडे.

फॉर्ममध्ये भाषेचा रकाना: इंग्रजी, अरबी, फारसी, इतर.
संगणक विभागाला लिहिलं, एक नाव वाढवा.
उत्तर आलं, पुढच्या तिमाहीत बघू.

तोवर नक्कल करते आहे.
मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतंच,
ते मी घालावं का, त्याला विचारल्याशिवाय?
कोऱ्या जागेपाशी नियमाप्रमाणे
चौकटी कंसात 'कोरे' असं लिहायचं असतं.
लिहिलेलं नाही अजून.
कर्सर लुकलुकतोय.
साडेचार वाजले, बस सुटेल.