नववी ब, मोरारच्या कबरस्तानात

पुस्तकात ती लढाई एका ओळीत आटोपते.
अठराशे त्रेचाळीस, एकोणतीस डिसेंबर,
सकाळी महाराजपूर, दुपारी पनिहार,
ग्वाल्हेरचे एकाच दिवशी दोन पराभव.
परीक्षेला दोन गुण, तेही कधीमधी.

म्हणून नववी बला दोन टेम्पोंत कोंबून
गोऱ्यांच्या कबरस्तानात आणलं.
धुकं असं, की फाटकापाशी मोजलेली एकतीस डोकी
आत एकोणतीसच भरली.
(दोघं गजक आणायला पळाली होती.)

प्रभुदयाल चौकीदाराने कुलूप काढलं,
कुत्र्याला हाकललं, रजिस्टरवर सही मागितली.
‘इधर का कोई आता नहीं, मॅडम.
आते हैं तो विलायत से, अपना परदादा ढूँढते.’

दगड मुलांच्या डोक्यापेक्षा हातभर उंच.
वर पाच नावं, खोल कोरलेली,
प्रत्येकाचा हुद्दा, गाव, वय.
एक एकोणीस वर्षांचा.
‘आमच्या दादाएवढा,’ ओजस मुळ्ये म्हणाला,
आणि उगाच हसला.
सगळ्यात खाली, गवत बाजूला केल्यावर:
आणि एकशे बारा देशी शिपाई.

मी सांगू लागले.
हे कंपनीचे शिपाई, अवधकडचे, बिहारकडचे,
महिना सात रुपयांवर आलेले.
समोर शिंद्यांच्या फौजेत जे उभे होते,
त्यांतलेही बरेच तिकडचेच.
कुणी सांगावं, एका विहिरीचं पाणी प्यायलेले.

‘मग बाई, यांत आपले कोण?’
फरहीनने विचारलं.
मी खडू शोधू लागले,
जणू समोर फळा होता.

मग तोफांचं सांगितलं.
गोलंदाज हटले नाहीत, चाकांशीच पडले;
हे शत्रूनेच लिहून ठेवलंय.
नंतर त्याच तोफा वितळवून
चांदण्या पाडल्या, पदकांच्या,
जिंकणाऱ्यांच्या छातीवर लावायला.
‘म्हणजे आपलं स्मारक त्यांच्या कोटावर?’
कोण बोललं ते धुक्यात दिसलं नाही.
असलं काही पाठाच्या टाचणात नसतं.

कागद दगडावर धरा, म्हटलं,
पेन्सिल आडवी घासा, अक्षरं उमटतील.
एकोणीसवाल्यापाशी रांग लागली.
गजक आला, तीळ कबरींवर सांडले,
प्रभुदयाललाही मिळाला.

कावेरी कुशवाह दगडाच्या मागे गेली.
पनिहारची पोर. रोज बसने येते.
मागे काही कोरलेलंच नाही, तरी घासत बसली.
मी जवळ गेले तर मान वर न करता म्हणाली,
‘नांगराला लोखंडी गोळा लागला होता, बाई, काकाच्या.
आम्ही दाराला लावतो,
वाऱ्याने आपटू नये म्हणून.’

एवढंच. पुढे ती बोलली नाही,
मलाही विचारायचं सुचलं नाही.

सोमवारी कागद तपासायला घेतले.
अठ्ठावीस कागदांवर इंग्रजी नावं,
काही तिरकी, काही अर्धी.
दोघांवर तेलकट बोटं.
आणि एकावर नुसती काळसर खरबरीत पाठ,
छिन्नीचे घाव, शेवाळाचा डाग,
मधूनच एक पांढरी रेघ,
तिथे बहुधा मुंगी चालत होती
आणि तिने पेन्सिल उचलून धरली होती.
कोपऱ्यात रोल नंबर सतरा.

दोनपैकी किती द्यायचे?
बाकीचे कागद वाटून झाले.
हा अजून टेबलावर आहे,
कडा उडू नये म्हणून
वर काहीतरी जड ठेवायला हवं.