माईक टेस्टिंग

हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन.
सेलूत कुणीही बोलायला येवो,
त्याच्या आधी मी बोललेला असतो.

मुनीर साऊंड. मोंढ्यामागं टपरी. बावीस वर्षं.
महाराजांना एको लागतो, वाक्याच्या शेपटाला, थोडासा.
साखरेच्या आजारावर बोलणाऱ्या डॉक्टरला अजिबात नको;
त्याला कानात अडकवायचा माईक,
वाटीभर साखर दोन्ही हातांनी उंच धरून
लोकांना भ्या दाखवता यावं म्हणून.
करिअरवाले सर लातूरहून येतात,
स्टेजवर पळतात, वायर पायात येते.
वास्तूवाल्या मॅडमनी तर माझा ॲम्प्लिफायरच
उचलून आग्नेयेला ठेवायला लावला.
ठेवला.
आवाज तेवढाच आला.

आणि सोजरबाई. सगळ्यांना.
घरात शाळेतलं एक लेकरू नाही,
तरी करिअरच्या व्याख्यानालाही पहिली.
कायम उजव्या बॉक्सपाशी,
पिशवी मांडीवर, तोंड किंचित उघडं,
जसं काही आता,
आता सांगतील तिचंच.

एकदा एका मोठ्या महाराजांचा कॉलर माईक
पडद्यामागं चालूच राहिला.
फोनवर होते. 'अगं, ऐक ना माझं.
दोन मिनिटं तरी ऐक, बाळा.'
मी झटक्यात बटण खाली ओढलं.
मैदानात तीन हजार माणसं ऐकायला बसलेली
आणि कुठंतरी एक पोरगी ऐकत नव्हती.
मग ते आले, हार घातला,
लेकरांशी कसं बोलावं यावर दोन तास बोलले.
खोटं बोलले असं काही मला वाटलं नाही.
त्या रात्री एको मात्र मी लावला नाही.

त्याच रात्री वायरी गुंडाळत होतो.
सतरंज्या निघालेल्या, कुत्री फिरायला लागलेली.
सोजरबाई स्टेजच्या कडेला येऊन उभी.
'भाऊ, तुम्ही समद्यांचं ऐकलंय.
तुम्हीच सांगा.
जावयानं पोरीचा फोन बंद करून ठिवलाय,
वरीस होईल आता अक्षय तृतीयेला.
जाऊ का नगं जाऊ?'

बावीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं,
'किती घेता'च्या पलीकडं.
मला ओवी येत नाही, आयत येते ती अर्धी.
वाटलं, म्हणावं, धीर धरा. सगळेच म्हणतात.
तोंडातून निघालं,
'मावशी, जालन्याची गाडी पहाटे पावणेसहाला आहे.'

'काय म्हनलात? डाव्या कानानं येत नाही मला.'

माईक हातातच होता. बंद.
मी वळसा घालून तिच्या उजवीकडं गेलो,
वाकलो, परत सांगितलं.
पावणेसहा. तिकीट खिडकी आधी अर्धा तास उघडते.
डबा मागचा धरा, तिथं बसायला मिळतं.

तिनं पिशवीत चाचपडून
खडीसाखरेचे दोन खडे माझ्या तळहातावर ठेवले,
कुठल्यातरी गुरुवारचे, मुंगी लागलेले.
आणि वाकायला लागली.
'अहो, नको, मावशी, नको,' म्हणत मी मागं सरलो,
पाय वायरीत अडकला.

बॉक्स अजून टेम्पोत चढवायचे होते.