पंधरा ऑगस्ट, बोलोन्यातच

क्लच गेला तो नेमका चौदाच्या रात्री.
मेकॅनिक समुद्रावर, त्याचा भाऊ समुद्रावर,
बेकरीच्या शटरवर चिकटवलेला कागद: एकोणतीसला भेटू.
पोहायचे चष्मे तसेच टेबलावर,
आणि एर्मेस म्हणाला,
जणू महिनाभर हाच बेत चालला होता,
"उद्या आपण पाहुणे. आपल्याच गावात."

नीवेसने हेडफोन काढलेसुद्धा नाहीत.

मी इथलीच. या कमानींखालून शाळेत गेले,
दोन्ही बाळंतपणांना याच कमानींखालून, पायी,
पण स्त्रादा माज्जोरेवरच्या त्या उंच लाकडी छताकडे
मान वर करून कधी पाहिलं नव्हतं.
पिकतं तिथे विकत नाही.
तुळयांत म्हणे तीन बाण रुतलेत.
कुणी सोडले, कुणावर, नेम का चुकला,
एर्मेसला सगळं ठाऊक. म्हणजे निम्मं,
उरलेलं तो बोलता बोलता रचतो.
"वर खिडकीत एक बाई आली, तिच्या अंगावर..."
आणि पोराकडे बघून थांबला.
तित्सियानोने दोन मोजले.
मला एकच दिसला, तोही कदाचित खिळा.
"तीन आहेत," एर्मेस म्हणाला,
ज्या आवाजात तो बँकेत बोलतो त्या आवाजात.
मग मानही दुखायला लागली होती.
तीन, असं ठरलं.

आर्जाआत्या पिएल्ला गल्लीच्या तोंडाशी उभी,
पिशवीत सहा पीच, सुरी रुमालात गुंडाळलेली.
तिथे भिंतीत एक चौकोनी झडप आहे.
उघडली की खाली एकदम पाणी:
घरांच्या पाठी, वाळणारे टॉवेल, जाळीतून लोंबणारी वेल.
आमच्यापुढे एक जोडपं. फोटो. पुन्हा फोटो.
नीवेसने एका कानातला हेडफोन काढला:
"हे तर व्हेनिस!"

आत्या पुढे झाली. बराच वेळ काही बोलली नाही.
मग: "माझी आई धुवायची इथे. हॉटेलांच्या चादरी.
जानेवारीत बोटं फुटायची तिची.
माझी वेणी शेजारीण घालायची,
आईच्या बोटांच्या भेगांत केस अडकत."
झडप तिने लावून घेतली,
आपल्या घरचं कपाट लावावं तशी.
रांगेतली माणसं बघतच राहिली.
"बाकीचा कालवा बुजवून वर रस्ता केला.
बरं केलं," म्हणाली,
आणि पीच सोलायला घेतला.

चौकापाशी, पोदेस्ताच्या कमानीखाली
चार कोपरे. एका कोपऱ्यात कुजबुजलं
की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात ऐकू येतं.
महारोग्यांची पापं पाद्री अशीच ऐकत, म्हणतात.
तित्सियानोने भिंतीला एक शिवी ऐकवली,
आणि आत्या, जिला टीव्ही शेजाऱ्यांइतका लागतो,
तिकडून ओरडली: "कुणाला रे?"
नीवेस हसली. आवाज न करता, पण हसली.
मग तिनेही आत्याला काही सांगितलं.
काय, ते दोघीही सांगत नाहीत.

ती सगळी आइस्क्रीमला गेली तेव्हा मी मागे राहिले.
कोपऱ्यात तोंड घातलं, दगड गार होता.
एरवी कुणाला म्हणत नाही ते म्हटलं:
"फार दमलेय मी."

"मीही, सिनिओरा," भिंत म्हणाली.

वळून बघायला हवं होतं. वळले नाही.
मधून लोक जात होते, सायकली, एक रडणारं मूल,
आणि आम्ही दोघं दोन टोकांना,
वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे, भिंतीकडे तोंड करून.
"कुठले तुम्ही?" मी विचारलं.
"सिल्हेट. तुम्ही?"
"इथलीच."
जरा वेळ नुसती पावलं ऐकू आली.
"पाणी हवंय?" त्याने विचारलं. "थंड आहे. एक युरो."

मी दोन बाटल्या घेतल्या.