रकाना क्रमांक नऊ

क्लाइपेदा बंदर, गोदाम चार. पहाटेचे तीन चाळीस.
इथवर मी न अडखळता लिहिलं.
जखमीचं नाव : गिंतौतास. वय एकावन्न.
अवयव : डावं पाऊल, घोट्याखाली.
पोलादी टोपीचा बूट घातला होता का? होय.
पोलाद दबलं, आणि दबलेलं पुन्हा वर आलं नाही.
रुग्णवाहिकेतल्या मुलीने बूट कापला,
नाडी तेवढी सोडवून बाजूला ठेवली,
कुणाला लागेल म्हणून.

माल : पीटची माती, दूर कुठल्या ट्युलिपांसाठी.
एवढा उंच माल पुढे उचलला
की फोर्कलिफ्ट उलटीच न्यावी लागते,
मान वळवून, खांद्यावरून बघत,
भांडून घराबाहेर पडलेला माणूस बघतो तशी.

चालक : दोमांतास, तेवीस.
बाहेर पायरीवर बसलाय, मुठीने बर्फ खातोय.
काही विचारलं की तासाचा आकडा सांगतो फक्त :
बेचाळीस. बेचाळीस.
चाळीस पुरतात. दोन त्याने वरचे केले होते.

रकाना नऊ : कारण.
दीड ओळीची जागा.

मागे जाताना गाडी ओरडते,
पाच गाड्या, पत्र्याचं छप्पर, अख्खी रात्र.
घरी उशीतसुद्धा तेच.
धाकटी म्हणायची, आई, तू झोपेत पीप-पीप करतेस.
नोव्हेंबरात गिंतौतासच आला माझ्या खिडकीशी,
डोकं धरून, हसत :
दांगुओले, चिकटपट्टी आहे का गं?
या भोंग्यांना मुसक्या बांधतो.
मी खणातून काढून दिली. करडी, रुंद.
त्या रात्री इतकं शांत होतं
की कुणी राईचा पाव मोडला, तोही ऐकू आला.
साहेब दोनदा चक्कर मारून गेले.
न वाजणारं त्यांनाही ऐकू आलंच असणार.

दीड ओळीत लिहिलं : जमीन ओली होती.
ओली होतीच.
चिकटपट्टी खणात आहे, अर्धी उरलेली.
तिचं टोक सापडत नाही,
नख फिरवून फिरवून बघते.

सहाला दवाखान्यातून फोन. जीभ जड त्याची.
पायाचं काही बोलला नाही.
म्हणाला, नऊला चौकशीवाले येतील,
त्याआधी पट्ट्या काढ.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.

कातर घेऊन खाली उतरले.
पहिली गाडी सोडवली, चावी फिरवून मागे घेतली.
ती ओरडली.
पायरीवर दोमांतासने
दोन्ही कान झाकले.