टाचा

स्केलबेकच्या चर्चमध्ये पूर्वेची भिंत गोल वळते,
तिथे खांब दाटीवाटीने उभे.
बाकीच्या कमानींना ऐसपैस जागा,
या पाचजणी अंग चोरून.
तरी माथे सगळ्यांचे एका रेषेत.
कसे? मी टेप गुंडाळत विचारलं.

ब्रेथवेट गवंडी, वय बहात्तर, गुडघे कुरकुरे,
बोटाने दाखवतो: खांब संपला
तरी दगड लगेच वाकत नाही.
हातभर सरळच चढतो,
मग वळतो.
अरुंद पडली, म्हणतो,
म्हणून तिला पाय लावले.

मला पाचवी ब आठवली.
वर्गाचा फोटो. मी चुकून मागच्या रांगेत.
फोटोग्राफरने माझ्या पायांखाली
दोन विटा सरकवल्या.
फोटोत विटा नाहीत.
मी सगळ्यांएवढी,
फक्त ओठ जरा घट्ट.

दुपारी ओढ्यावरच्या पुलाकडे.
एकच कमान, मांजरानं पाठ उंचवावी तशी.
कठडे गुडघ्याएवढे,
घोड्यांच्या पाठीवरची लोकरीची गाठोडी
घासू नयेत म्हणून.
गावात म्हणतात, सैतानानं एका रात्रीत बांधला.
ब्रेथवेट थुंकतो.
वाकून दाखवतो पाण्यालगत, दोन्ही काठांना,
शेवाळ खरवडून,
दगडातल्या खोबण्या.
सैतानाला टेकू कशाला लागतो?
इथे लाकडाचा सांगाडा बसवला होता.
चुना धरेपर्यंत
सगळी कमान त्याच्या पाठीवर.
मग पाचरी ठोकून काढल्या.
लाकूड बहुतेक चुलीत गेलं.

आमच्याकडे त्याला ढोला म्हणतात, मी सांगते.
"डोला."
ढो.
"डो."
आमच्या गावी डोला मोहरममध्ये उठतो, खांद्यांवर.
मी पुढे दुरुस्त केलं नाही.
तोही शेवटी उचलून धरण्याचाच प्रकार.

माथा नऊ मिलिमीटर बसलाय.
वहीत लिहिते. आणखी एकदा मोजू, तो म्हणतो,
आणि चढून मधोमध उभा राहतो,
सहा फूट दोन इंच, वारा कोटात भरलेला.
टेपचं टोक त्याच्या हातात द्यायला
मी टाचा उचलते.
तो बघतो. बोलत काही नाही.
पलीकडच्या उतारावर
दोन पावलं खाली सरकतो.