आधी ढोलकी

गोमी हिलमची सभा
ढोलकी तापल्याशिवाय सुरू होत नाही.
जाळात गवत टाकायचं, कागद नाही.
"कागदापायी लय रांगा लावल्यात," म्हणते.

रात्रीची ओहोटी असली की बाया उशिरा येतात,
ओच्यात खुबे, पोटरीपर्यंत खाडीचा चिखल.
ती रागावत नाही.
"आधी नाचा. पाय सुटले की तोंड सुटतं."
आणि फेर रंगात आला की विचारते,
भट्टीवाल्याची उचल कोणी घेतली?
किती?
अंगठा कोणाचा?

मी दहावी पास, म्हणून वही माझ्याकडे.
मोबाईलच्या उजेडात
ठेक्यावर पडतील तसे आकडे लिहिते.

कचेरीत भाऊसाहेब म्हणाले,
पन्नास सालाआधीचा पुरावा आणा.
गालात पान.
गोमीनं विचारलं, "तोंड कशानं रंगलंय?"
"काताने."
"खैर कोणी तोडला? हंडा कोणी उकळला?
आमच्या जातीचं नावच त्या हंड्यातलं.
पुरावा तुम्ही चावताय, साहेब."
रांग हसली. तेही हसले,
पिंक टाकून आले,
आणि पुन्हा म्हणाले, पुरावा आणा.

चौदा महिने.
शेवटी रेवदंड्याच्या एका माळ्यावर,
वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या चोपडीत
तिचा आजा सापडला:
'धाकू काथोडी, कोळसा दोन मण, बाकी.'
बाकी कोणाकडे, ते लिहिलं नव्हतं.

दाखला आला. त्यावर गोमीची गौमी झालेली.

ऑगस्टात तालुक्याला कार्यक्रम.
आयोजकांनी पानांचे झगे शिवून आणले होते.
"पानं झाडाला बरी," म्हणाली,
आणि निळ्या नायलॉनच्या साडीतच
अख्खा फेर स्टेजवरून खाली उतरवला,
खुर्च्यांमधून.

यंदा अकरा घरं भट्टीवर गेली नाहीत.
चार गेली.
ट्रक सुटायच्या आधी
तिनं त्या चार घरांची पोरं उतरवून घेतली.
आता तिच्या कुडाच्या खोलीत
पाय ठेवायला जागा नाही.
मध्यरात्री एक रडायला लागला.
तिनं त्याच्या मांडीत ढोलकी दिली.
"हळू वाजव. बाकीचे निजलेत."

सकाळी मी वहीत लिहिलं: मुलं नऊ.
तिनं वाकून बघितलं. वाचता येत नाही तिला,
पण ओळ आखूड आहे हे कळलं.
"आकडा नको. नावं लिही.
आणि नीट विचारून लिही,
माझ्यासारखं करू नको कोणाचं."

पहिलं नाव लिहिलं: लख्या.
तो म्हणाला, लख्या नाय,
लखमा.