पत्रक ४१२

पवई. जलवाहिनीमागे, तारेच्या कुंपणाखाली
एकच रोप.
शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत: ‘सर्वत्र आढळते.’

भिंग काढलं तसा
पाळी संपवून निघालेला वॉचमन थांबला.
काय हरवलं, बाई?
म्हटलं, याचं नाव.

उकिडवा बसला. पान चुरगळून हुंगलं,
डोळे मिटले. आलं नाही.
आत्याला विचारतो, म्हणाला, जव्हारला.

रात्री अकराला फोन:
आत्या हसली म्हणे,
जे खात नाही, ज्यानं मोळी बांधत नाही,
लावत नाही जखमेला,
त्याला हाक कशाला मारायची?

एक फांदी
फ्लॅटच्या जाहिरातींत दाबून ठेवली आहे.
‘स्थानिक नाव’ कोरं.
शेऱ्यात लिहिलं:
वास ओळखीचा. काकड्या वरठा, रात्रपाळी.